माझी मैना चार मिनिटांत कशी बसवायची?

गॅदरिंगच्या यादीत आमचा नंबर अकरावा आहे. आमच्या आधी एक ग्रुप डान्स, आमच्यानंतर फॅशन शो. प्रत्येकाला चार मिनिटं दिलीत. चार मिनिटं झाली की माइक बंद, असं कल्चरलच्या सरांनी वर्गात येऊन दोनदा सांगितलंय. आमचं गाणं पूर्ण म्हटलं तर आठ मिनिटं लागतात. त्यामुळे सध्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच भांडण चालू आहे : कापायचं काय?

गाणं आहे अण्णा भाऊ साठेंचं, 'माझी मैना गावावर राहिली'. तुम्ही म्हणाल, हे तर माहितीये, जयंतीला वाजतं, रीलवर असतं. तेच ते. पण तुम्ही ते किती ऐकलंय? सुरुवातीचा तुकडा, की शेवटपर्यंत? मला हे विचारायचंय, कारण या भांडणात माझं एक मत झालंय आणि ते मत आमच्या चार मिनिटांपुरतं नाहीये.

आधी हे गाणं आमच्याकडे आलं कसं, ते सांगते. आमच्या वर्गात एक गिटारवाला आहे. मागच्या गॅदरिंगला त्याने 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हटलं. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या, कारण त्याने शेवटचा गिटारचा भाग खरंच भारी वाजवला होता. या वर्षी तो म्हणाला, "आपल्याकडे असं गाणंच नाही बघ. पन्नास वर्षं होत आली, तरी जगभरात लोक लावतात. एका गाण्यात पूर्ण गोष्ट असते यांच्या. आपल्याकडे नुसता हळदीचा डीजे."

मी म्हटलं, आहे. सत्तर वर्षं होत आलेलं आहे. गोष्ट पण आहे, आणि ती हॉटेलपेक्षा तुझ्या घराजवळची आहे.

त्याने गाण्याचं नाव ऐकलं आणि हसला. "ते? ते तर डीजेवर वाजतं."

मी हसनाबादची. भोकरदन तालुका, जिल्हा जालना. अंगारकीला आसपासच्या गावांतली माणसं राजूरच्या गणपतीला पायी निघतात, तो आमचा भाग. आमच्याकडे एसटी स्टँडवर सकाळी सकाळी जाऊन उभं राहिलात तर तुम्हाला या गाण्याचं पहिलं कडवं विनातिकीट दिसेल. कोणीतरी बॅग घेऊन चाललेला असतो. संभाजीनगरला, पुण्याला, चाकणला. स्पर्धा परीक्षेला, कंपनीत, कशालाही. आणि कोणीतरी सोडायला आलेलं असतं.

माझा दादा दोन वर्षांपूर्वी असाच गेला. पहाटेची गाडी होती. आईने भाकरी बांधल्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सोडायला आई, मी आणि आजी. स्टँडवर दादा उगाच बडबडत होता, पहिल्या पगारात आईला हे घेईन, मला ते घेईन, घराला पत्रे टाकीन. आई काही बोलली नाही, हसली पण नाही. गाडी वळली तेव्हा तिने नुसता हात वर केला, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तो खाली घ्यायला विसरली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी हे गाणं पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. अंगावर काटा आला. कारण अण्णा भाऊंनी तो स्टँडच लिहून ठेवलाय. गाण्यातला तो गडी गरिबीपायी मुंबईला निघतो. पहाटेची वेळ, सोबत बांधलेली भाकरी. बायको त्याला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला येते. तिचा चेहरा पडलेला बघून तो तिला हसवायला बघतो. पत्रं पाठवीन म्हणतो, दागिने करीन म्हणतो, त्या दागिन्यांची नावंसुद्धा घेतो, शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज. ती हसत नाही. हात वर करून उभी राहते. बास. माझ्या दादाने साजाच्या जागी मोबाईल म्हटलं होतं, एवढाच फरक.

हे गाणं लिहिणारा माणूस स्वतः त्या वाटेने गेलेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा, तालुका वाळवा, आताचा सांगली जिल्हा. शाळा दीड दिवसाची. पोरवयात घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईला आले ते पायी. मुंबईत मिळेल ते काम केलं, गिरणीत केलं, आणि नंतर आयुष्याची कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत काढली. तिथे राहून त्यांनी 'फकिरा' लिहिली, जिला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. गाण्यात मुंबईतल्या बेकारांच्या गर्दीचं आणि पैसेवाल्यांचं जे वर्णन येतं, ते कोणी गच्चीवरून बघून केलेलं नाहीये.

आता तो बँडचा भाग. गिटारवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा सरळ बसला. १९४४ मध्ये मुंबईत तीन जणांनी मिळून एक पथक काढलं : लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अमर शेख म्हणजे बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, आणि आवाज असा की माइकची गरज लागू नये. डफ, ढोलकी, तुणतुणं, मागे झील धरणारे. हे लोक कामगार वस्त्यांत, मैदानांत, संपाच्या ठिकाणी जाऊन गायचे. तमाशातला गण अण्णा भाऊंनी काढून टाकला आणि गणपतीच्या जागी या भूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन ठेवलं. सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तर तोच तमाशा 'लोकनाट्य' म्हणून उभा राहिला. सरकारी बंदी, बदललेला फॉर्म, हजारोंचं पब्लिक. पोस्टर लावायला आणखी काय पाहिजे?

एक तारखांची गोष्ट सांगते, माझ्या डोक्यातून ती जात नाही. अण्णा भाऊ वारले १८ जुलै १९६९ ला. अमर शेख गेले २९ ऑगस्ट १९६९ ला, अपघातात. दोघांच्या मध्ये सहा आठवडे. आणि त्याच सहा आठवड्यांत, ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात, अमेरिकेत वुडस्टॉक झालं, ज्याचे टी-शर्ट आपल्या कॉलेजात आजही दिसतात. त्या टी-शर्टला माझा विरोध नाही. माझ्याकडे पण एक आहे, संभाजीनगरच्या फुटपाथवर घेतलेला.

पण गाणं टिकलं ते बंदीमुळे किंवा झोपडपट्टीमुळे नाही. तशी गाणी पुष्कळ होती, ती गेली. हे राहिलं, कारण ते बांधलंयच तसं. ही छक्कड आहे, म्हणजे तमाशाच्या फडातली, लावणीच्या जवळची. ऐकताना ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या. एकच यमक येत राहतं, ओळीवर ओळ, तेच यमक, गाणाऱ्याचा दम संपत येतो, ऐकणाऱ्याला वाटतं आता हा पडणार, आणि तेवढ्यात धृपद येतं. सगळे एकदम सुटतात. झीलकरी उचलतात, पब्लिक उचलतं. आमच्या गिटारवाल्याने तिसऱ्यांदा ऐकल्यावर स्वतःच शोधून काढलं. म्हणाला, "अरे, हा तर बिल्ड-अप आहे. बांधत बांधत नेतो आणि कोरसवर सोडतो." मी म्हटलं, हो, आणि त्यासाठी ड्रमसेट पण लागत नाही.

दुसरं म्हणजे ते धृपद. त्यात नुसतं एवढंच आहे की एक जण निघून आलाय आणि कोणीतरी मागे राहिलंय. कोण, कुठे, कशाने, हे प्रत्येक कडवं नव्याने भरतं. आधी त्यात बायको बसते. मग मुंबई येते, बेकारी येते, तेव्हा तेच धृपद ऐकताना आधी गोड वाटलेली आठवण टोचायला लागते. आणि शेवटी...

शेवटी काय येतं, यावरच आमचं भांडण आहे.

शेवटी अण्णा भाऊ म्हणतात, की माझ्या मैनेची जशी ताटातूट झाली, तशीच गत या तुकडे झालेल्या महाराष्ट्राची झालीये. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावं येतात. म्हणजे इतका वेळ आपण ज्या बाईच्या चेहऱ्यासाठी हळहळत होतो, तो चेहरा बघता बघता नकाशा होतो. हे गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं आहे. मुंबईत गोळीबार झाले, त्या चळवळीत शंभराहून जास्त माणसं मेली, आज जिथे हुतात्मा चौक आहे. त्या दिवसांत सभेला आलेल्या गिरणी कामगाराला भाषावार प्रांतरचना म्हणजे काय, हे भाषणाने समजावणं अवघड होतं. अण्णा भाऊंनी त्याला त्याची बायको आठवून दिली, आणि मग म्हटलं, हे तसंच आहे. त्या मैदानातला जवळजवळ प्रत्येक माणूस कोणाला तरी गावावर ठेवून आलेला. त्याला आणखी काय समजवायचं?

आमच्या ग्रुपवर कापायला निघालेत तो नेमका हाच भाग. मेसेज जसाच्या तसा सांगते : "शेवटचं बेळगाव वगैरे काढू. आता कोण ऐकतं? वरचं मैनेचं वर्णन ठेवू, पब्लिकला आवडतं." सात थम्सअप.

आता बघा, असं होणं काही आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' ऐकलंय का? १९८४ चं. सुरुवातीलाच तो सिंथेसायझर, तो ढोलासारखा ड्रम, आणि मग मूठ वर करून म्हणावं असं धृपद. स्टेडियमच्या स्टेडियम झेंडे घेऊन नाचायची. पण कडव्यांत काय आहे? व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेला एक गरीब घरचा पोरगा आहे, त्याला कारखान्यात परत काम मिळत नाही, तो दारोदार जातो आणि शेवटी त्याला जायला जागा राहत नाही. ते गाणं देशाला जाब विचारतंय, आणि लोक त्यावर देशाचा जयजयकार करत होते. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीच्या सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन टाकलं, जणू तो त्यांचाच माणूस. स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये हेच गाणं आधी नुसत्या गिटारवर रेकॉर्ड केलं होतं. ते ऐका, मग कोणाची नाचायची हिंमत होणार नाही.

थोडक्यात, धृपद जितकं जोरदार, तितकी कडवी गिळली जाण्याची भीती जास्त. 'माझी मैना'चं आपण तेच केलंय. डीजेवर तिचं रूप तेवढं वाजतं, तो गडी मुंबईला पोचतच नाही. रीलवर तर तीस सेकंद, तेवढ्यात बाई नटते आणि संपतं.

आणि 'आता कोण ऐकतं' म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचंय. बेळगावचा प्रश्न संपला का? महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावलाय, निकाल लागलेला नाही. दावा लागला तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते. ठीक आहे, बेळगाव आपल्याला लांबचं वाटतं, मला पण वाटतं. मी कधी गेलेले नाही. पण मग हसनाबाद?

आमची आजी जन्मली तेव्हा हसनाबाद महाराष्ट्रात नव्हतं. निजामाची सत्ता १७ सप्टेंबर १९४८ ला गेली, आणि त्यानंतरही आठ वर्षं आम्ही हैदराबाद राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. म्हणजे अण्णा भाऊ मुंबईत तुकड्या-तुकड्यांतल्या महाराष्ट्राबद्दल गात होते, त्या तुकड्यांत आमचं गाव पण होतं. गाण्यात आमचं नाव नाहीये, पण शेवटच्या कडव्यात मला आमचा स्टँड दिसतो. आणि मराठवाडा एकत्र आल्यावर काय झालं? मुंबई-पुण्याला जाणाऱ्या गाड्या वाढल्या. विकासाच्या अनुशेषावर समित्या बसल्या. पोरं अजूनही पहाटेच्या गाडीनेच जातात. त्यामुळे मैना कोण, हा प्रश्न १९६० ला सुटला असं मला तरी वाटत नाही.

एवढं बोलून मी ग्रुपवर जिंकले असते. पण मधेच आजीने घोळ घातला.

मी मोबाईलवर गाणं लावून शब्द वहीत उतरवत होते. आजी शेजारी शेंगा फोडत बसली होती. पूर्ण ऐकलं तिने. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. पण त्यो गेला मुंबईला. मंग वावर कोन केलं?"

मी गप्प.

१९७२ च्या दुष्काळात आमचे आजोबा गाव सोडून गेले. आधी सुरत, मग मुंबई, दोन वर्षांनी परत आले. आजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माझी मोठी आत्या कडेवर. सासू-सासरे घरात. जनावरं विकली, वावर ठेवलं. सुकडी मिळायची ती आणून सगळ्यांना वाटायची. हे सगळं मी तुटक तुटक ऐकलेलं होतं, पण हे गाण्याच्या बाजूला ठेवून कधी बघितलं नव्हतं. गाण्यातली मैना हात वर करून उभी राहते, आणि आपण त्याच्याबरोबर मुंबईला जातो. ती घरी परत गेली का? चूल पेटवली का? सासूने काय म्हटलं? कोणाच्या बांधावर कामाला गेली? यातलं काही येत नाही. तिचा बांधा येतो, तिचा रंग येतो, तिची चाल येते. तिच्या तोंडी एक शब्द नाही.

आता घाईने अण्णा भाऊंवर तुटून पडायला मी तयार नाही. या माणसाने 'वैजयंता' लिहिली, 'चित्रा' लिहिली, 'चंदन' लिहिली, ज्यात बायकाच कादंबरी पुढे नेतात आणि अंगावर आलेल्या पुरुषाला पुरून उरतात. बायकांना बोलतं कसं करायचं, हे त्यांना येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. हे गाणं गेलेल्या गड्याच्या तोंडचं आहे. समोर मैदानात बसलेलं पब्लिक गेलेल्या गड्यांचं होतं. त्याला जे आठवतं तेच तो सांगणार, आणि माणसाला मागे राहिलेल्या माणसाचा चेहरा आठवतो, तिचं काम आठवत नाही. दादाला फोनवर विचारा, तुला घरचं काय आठवतं? तो म्हणतो, आईच्या हातची भाकरी. पीठ कोणी दळून आणलं, हे त्याला आठवत नाही. ते मी आणते.

बारावीला मार्क मला दादापेक्षा जास्त होते. हे मी घरात आता काढत नाही. काढलं की आई म्हणते, "कामून जुनं उकरू राहिली?" दोघांना बाहेर ठेवण्याइतके पैसे नव्हते, आजीचे गुडघे, आईची शेतातली कामं, मग मी इथूनच जाऊन-येऊन कॉलेज करते. दादा वाईट नाही, महिन्याला पैसे पाठवतो. मी फक्त एवढं म्हणतेय की हे गाणं ऐकताना वर्गातली पोरं स्वतःला बसमध्ये बसलेली बघतात. मी स्टँडवर उभी असते. गाणं तेच आहे. आणि तुमच्यातल्या किती जणी माझ्या बाजूला उभ्या आहेत, हे मला माहितीये, कारण सकाळच्या आपल्या एसटीत आपण एकमेकींच्या बॅगा मांडीवर घेऊन बसतो.

उलटंही होतंय हल्ली, नाही असं नाही. माझी एक मैत्रीण नर्सिंगला गेली, आता पुण्यात एका दवाखान्यात आहे. तिच्या घरी तिचा बाप स्टँडवर उभा असतो. तो पण हात वर करून. मैना काय बाईच असते असं नाही.

म्हणून माझं मत सांगते, आणि हे मत गिटारवाल्याला आधी अजिबात पटलेलं नव्हतं. चार मिनिटंच मिळणार असतील, तर वर्णन कापा. तो बांधा, ती कांती, तो सुगंध, हे सगळं भारी आहे, गायला मजा येते, दम लागतो, टाळ्या पडतात. पण ते सगळ्यांना पाठ आहे. ते काढलं तरी लोक मनातल्या मनात भरून घेतील. शिवेवरचा निरोप ठेवा. मुंबईतली बेकारी ठेवा, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण पुढच्या दोन वर्षांत त्याच गर्दीत असणार आहेत. आणि शेवटचं कडवं, ते बेळगाव-कारवारचं, ते कापायचं असेल तर आपण दुसरं गाणं घेऊ. कारण ते काढलं, की उरतं ते एका सुंदर बायकोच्या आठवणीचं गाणं. तशी हजार आहेत. अण्णा भाऊंनी ते लोकांसमोर आणलं ते हे शेवटचं सांगायला. आधीचं सगळं त्या शेवटापर्यंत नेणारी पायवाट आहे.

गिटारवाला म्हणाला, "पण मग पब्लिक नाचणार नाही." मी म्हटलं, नको नाचू दे. तुझ्या हॉटेल कॅलिफोर्नियाला तरी कोण नाचलं होतं?

त्यावर तो दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एक व्हॉइस नोट टाकली. नुसत्या गिटारवर, हळू, ढोलकीशिवाय, शिवेवरच्या निरोपापासून सुरुवात. त्या वेगात ते यमक आदळत नाही, थेंबासारखं पडतं. मला आधी वाटलं, वाट लावली याने. छक्कड अशी म्हणतात का? मग परत ऐकलं. मुंबईच्या भागात त्याने हात थोडा भारी केला, आणि शेवटी नावं येतात तिथे गिटार पूर्ण थांबवली, नुसता आवाज. वाजवलेलं सगळंच मला आवडलं असं नाही. डफ पाहिजेच, यावर मी अजून ठाम आहे, आणि वर्गातल्या ज्याच्या घरी डफ आहे तो उद्या आणतोय. पण ते थांबणं बरोबर होतं. ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

व्हॉइस नोट पाच मिनिटं दहा सेकंदांची आहे. मी आज सरांकडे गेले होते, एक मिनिट दहा सेकंद वाढवून मागायला. सर म्हणाले, फॅशन शोवाल्यांना विचार, त्यांनी सोडलं तर घे. फॅशन शोवाल्या पोरी म्हणाल्या, विचार करून सांगतो. त्यातली एक आमच्याच गाडीला असते, तिला उद्या सकाळी गाठते. शेवटचं कडवं तिला गाडीतच ऐकवणार आहे, इयरफोन एक तिच्या कानात, एक माझ्या.

आजीला मी म्हटलं, गॅदरिंगला चल. ती म्हणाली, तुझं ते गाणं कितव्यांदा हाय? अकरावं, म्हटलं. तर म्हणाली, तवर मला झोप लागन. धृपद आलं की उठव.